पवनसाहाय्यित मालवाहू जहाजे

पवनसाहाय्यित मालवाहू जहाज म्हणजे ज्याच्या गतीसाठी लागणाऱ्या ऊर्जेचा काही भाग थेट वाऱ्यापासून मिळवला जातो असे मालवाहू जहाज. अशा जहाजावर मुख्य यंत्र असतेच. वाऱ्याची जोड मिळाली की त्या यंत्रावरचा भार कमी होतो आणि तेवढे इंधन वाचते. केवळ वाऱ्यावर चालणारे शिडाचे जहाज आणि केवळ इंधनावर चालणारे यंत्रजहाज यांच्या मधला हा प्रकार आहे. वारा पकडण्यासाठी कापडी शिडांबरोबरच फिरते दंडगोल, विमानाच्या पंखासारखी ताठ शिडे, हवा शोषून घेणारी पोकळ शिडे आणि मोठे पतंग अशी साधने वापरली जातात.

जगाच्या व्यापारातील ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या चौथ्या हरितगृह वायू अभ्यासानुसार २०१८ साली जहाजांनी सुमारे १०५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनात हे प्रमाण २.८९ टक्के होते. बहुतेक मोठी जहाजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात शेवटी उरणाऱ्या जड तेलावर चालतात. ते स्वस्त असते, थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा साठवते आणि जगातील प्रत्येक मोठ्या बंदरात मिळते. नवीकरणक्षम ऊर्जेची स्पर्धा या तीन गुणांशी आहे.

वाराच का?

नवीकरणक्षम ऊर्जा म्हटली की आज प्रथम सौर पट्ट्या डोळ्यांसमोर येतात. मालवाहू जहाजावर त्या बसवून पाहिल्या गेल्या आहेत. २००८ साली जपानमध्ये तयार झालेल्या ‘ऑरिगा लीडर’ या मोटारवाहू जहाजावर ३२८ सौर पट्ट्या होत्या आणि त्यांची कमाल शक्ती ४० किलोवॅट होती. सुमारे ६,२०० मोटारी वाहणाऱ्या जहाजाला पुढे ढकलण्यासाठी लागणाऱ्या शक्तीच्या मानाने हा वाटा टक्क्याच्या अंशाइतकाच होता.

याचे कारण साध्या गणिताने समजते. २०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद जहाजाचा संपूर्ण माथा पट्ट्यांनी झाकला, तर ६,००० चौरस मीटर जागा मिळेल. भर दुपारी निरभ्र आकाशात प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १ किलोवॅट सूर्यप्रकाश पडतो आणि पट्टी त्याच्या पाचव्या हिश्श्याचे विजेत रूपांतर करते. म्हणजे कमाल १,२०० किलोवॅट. रात्र, ढग आणि कलते ऊन जमेस धरले की दिवसरात्रीची सरासरी २५० किलोवॅटच्या आसपास येते. एवढ्या जहाजाच्या मुख्य यंत्राची शक्ती मात्र ८,००० ते १०,००० किलोवॅट असते. शिवाय माथा पूर्ण झाकला तर माल चढवायचा कोठून, हा प्रश्न उरतोच.

विद्युत घटांची अडचण वेगळी आहे. नॉर्वेतील ‘यारा बिर्कलँड’ हे १२० कंटेनरांचे जहाज पूर्णपणे घटांवर चालते आणि नॉर्वेची वीज बहुतांशी जलविद्युत असल्याने ते खऱ्या अर्थाने नवीकरणक्षम ऊर्जेवर चालते असे म्हणता येते. त्याचा मार्ग मात्र किनाऱ्यालगतचा आणि अगदी छोटा आहे. त्याच्या घटांत सुमारे ७ मेगावॅट-तास वीज मावते. वर उल्लेखिलेल्या जहाजाचे यंत्र पूर्ण शक्तीने चालवले तर एवढी वीज तासाभरात संपेल. महासागर ओलांडायला दोन-तीन आठवडे लागतात.

नवीकरणक्षम विजेपासून हायड्रोजन आणि त्यापासून मिथेनॉल किंवा अमोनिया बनवून ते जहाजात जाळणे हा आणखी एक मार्ग आहे. डेन्मार्कच्या मेर्स्क कंपनीचे ‘लॉरा मेर्स्क’ हे मिथेनॉलवर चालू शकणारे पहिले कंटेनर जहाज २०२३ मध्ये सेवेत आले. परंतु प्रत्येक रूपांतरात ऊर्जेचा मोठा हिस्सा वाया जातो आणि असे इंधन जड तेलापेक्षा पुष्कळ महाग पडते. वाऱ्याला यांपैकी कशाचीच गरज लागत नाही. तो साठवावा लागत नाही, बंदरात भरून घ्यावा लागत नाही आणि ज्या जागी ऊर्जा हवी त्याच जागी मिळतो. तो हवा तेव्हा आणि हव्या त्या दिशेने मिळेल याची खात्री नसते, एवढाच त्याचा दोष, आणि तो लहान नाही.

शिडांचा अस्त

वाफेचे यंत्र आले आणि शिडे गेली, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात हा बदल व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली. आरंभीच्या आगबोटींना कोळसा इतका लागे की मालाची बरीचशी जागा तोच अडवून बसे. लांबच्या मार्गांवर म्हणूनच शिडाची जहाजे टिकून राहिली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. कालव्यात आणि तांबड्या समुद्राच्या अरुंद पट्ट्यात शिडावर जाणे अतिशय कठीण असल्याने आशियाचा व्यापार आगबोटींकडे गेला. तरीही जर्मनीतील लाइस कंपनीचे ‘प्रॉयसेन’ हे पाच डोलकाठ्यांचे पोलादी जहाज १९०२ मध्ये, म्हणजे सुएझ खुला झाल्यानंतर ३३ वर्षांनी बांधले गेले. ते सुमारे ८,००० टन माल नेत असे आणि केप हॉर्नला वळसा घालून चिलीतील नायट्रेट क्षार, म्हणजे चिली सोरा, युरोपात आणत असे. १९१० मध्ये इंग्लिश खाडीत एका आगबोटीशी टक्कर होऊन ते निकामी झाले. आगबोटीच्या कप्तानाला समोरच्या शिडाच्या जहाजाचा वेग ओळखता आला नाही, असे त्या अपघाताचे कारण दिले जाते.

१९१४ मध्ये पनामा कालवा उघडल्यावर केप हॉर्नचा मार्गही ओस पडू लागला. फिनलंडच्या आलांड बेटांवरील गुस्ताफ एरिक्सन या जहाजमालकाने मोडीत निघालेली शिडाची जहाजे स्वस्तात विकत घेऊन त्यांतून ऑस्ट्रेलियाचा गहू युरोपात आणण्याचा धंदा चालू ठेवला. ‘पामिर’ या जहाजाने १९४९ मध्ये माल घेऊन केप हॉर्नला घातलेला वळसा हा व्यापारी शिडाच्या जहाजाने घातलेला शेवटचा वळसा मानला जातो. हेच ‘पामिर’ सप्टेंबर १९५७ मध्ये अटलांटिक महासागरातील चक्रीवादळात बुडाले. जहाजावरील ८६ जणांपैकी ६ वाचले. मृतांमध्ये शिकाऊ मुलांची संख्या मोठी होती. या दुर्घटनेनंतर शिडावरच्या मालवाहतुकीचा विषय युरोपात जवळजवळ बंद झाला.

मराठी मुलखाला ही वाहतूक परकी नाही. कोकण किनाऱ्यावर शिडाची गलबते, मचवे आणि पडाव मंगळुरी कौले, मीठ, तांदूळ, लाकूड असा माल विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही वाहत होते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र खवळलेला असल्याने ही वाहतूक बंद राही आणि नारळी पौर्णिमेनंतर हंगाम पुन्हा सुरू होई. पुढे याच गलबतांवर तेलाची इंजिने बसली आणि शीड दुय्यम ठरत गेले. शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ, वरामा हे शब्द याच व्यवहारातून मराठीत रुजले आहेत. आजच्या नव्या साधनांबद्दल लिहितानाही त्यांचा उपयोग होतो.

फ्लेटनरचे दंडगोल

आधुनिक पवनसाहाय्याचा आरंभ १९२४ मध्ये जर्मनीत झाला. आंटोन फ्लेटनर या अभियंत्याने ‘बुकाऊ’ नावाच्या जहाजाची शिडे उतरवून त्यांच्या जागी सुमारे १५ मीटर उंचीचे दोन उभे दंडगोल बसवले. विद्युत चलित्रे हे दंडगोल स्वतःभोवती फिरवत. पाहणाऱ्याला ती दोन अगडबंब धुराडी वाटत, आणि जहाज धूर न सोडता चाललेले पाहून लोक चकित होत.

यामागचे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख माग्नुस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यासले होते. त्यांच्या नावावरून ते ‘मॅग्नस परिणाम’ म्हणून ओळखले जाते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत सरकतो, तो याच परिणामामुळे. दंडगोल वाऱ्यात फिरू लागला की त्याचा एक पृष्ठभाग वाऱ्याच्या दिशेने आणि दुसरा विरुद्ध दिशेने जातो. पहिल्या बाजूस हवा वेगाने वाहते व तिचा दाब घटतो. दुसऱ्या बाजूस ती मंदावते व दाब वाढतो. दाबातील या फरकामुळे दंडगोलावर वाऱ्याशी काटकोनात बल निर्माण होते. म्हणून वारा जहाजाच्या कुशीवर आला तर बल पुढच्या दिशेने मिळते. वारा थेट समोरून आला तर काहीच मिळत नाही, उलट दंडगोलाचा अडथळाच होतो. दंडगोल फिरवायला वीज लागते. पण अनुकूल वाऱ्यात मिळणारी शक्ती तिच्या कित्येक पट असते.

‘बुकाऊ’ने १९२५ च्या फेब्रुवारीत डान्झिगहून स्कॉटलंडपर्यंत वादळी हवामानात प्रवास केला. पुढच्या वर्षी ‘बाडेन-बाडेन’ या नव्या नावाने ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचले. १९२६ मध्ये तीन दंडगोलांचे ‘बार्बारा’ हे मालवाहू जहाज बांधले गेले आणि त्याने भूमध्य समुद्रात काही वर्षे माल वाहिला. म्हणजे तंत्र फसले असे म्हणता येत नाही. त्याच काळात तेल स्वस्त होत गेले, डिझेल यंत्रे सुधारली आणि १९२९ नंतरच्या मंदीत नवीन प्रयोगांवर पैसा घालायला कोणी तयार राहिले नाही. फ्लेटनर स्वतः पुढे हेलिकॉप्टरच्या रचनेकडे वळले. त्यांचे दंडगोल सुमारे ८० वर्षे पाठ्यपुस्तकातील चित्रापुरते उरले.

तेलसंकट आणि पुन्हा विस्मरण

१९७३ आणि १९७९ या दोन तेलसंकटांनंतर जपानने वाऱ्याचा विचार पुन्हा सुरू केला. १९८० साली ‘शिन आइतोकू मारू’ हे लहान तेलवाहू जहाज पोलादी चौकटीवर कापड ताणलेल्या दोन शिडांसह पाण्यात उतरले. शिडे वळवण्याचे व मिटण्याचे काम संगणक करीत असे, त्यामुळे खलाशांची संख्या वाढवावी लागली नाही. अशी आणखी काही जहाजे जपानमध्ये निघाली. फ्रान्समध्ये समुद्रसंशोधक जाक-ईव्ह कुस्तो यांनी लुसियँ मालावार यांच्या साहाय्याने हवा शोषून घेणारे पोकळ शीड तयार केले आणि १९८५ मध्ये ‘आल्सिओन’ या संशोधन नौकेवर तशी दोन शिडे बसवली. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि मालवाहू जहाजांवरचे हे सारे प्रयत्न थंडावले. १९२० च्या दशकात घडले तेच येथे पुन्हा घडले. वाऱ्याचे महत्त्व त्याच्या स्वतःच्या गुणांपेक्षा तेलाच्या भावावर ठरत आले आहे.

२००८ मध्ये भाव चढले असताना ‘बेलुगा स्कायसेल्स’ या जहाजाने १६० चौरस मीटरचा पतंग नाळेवरून उडवून अटलांटिक पार केला. पृष्ठभागापेक्षा शे-दोनशे मीटर उंचीवर वारा अधिक जोरदार असतो, त्याचा लाभ घेण्याची ही कल्पना होती. जहाजाची मालक कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली.

आजची साधने

फ्लेटनरच्या दंडगोलांना नवा जन्म दिला तो पवनचक्क्या बनवणाऱ्या एनरकॉन या जर्मन कंपनीने. आपल्याच पवनचक्क्यांचे भाग वाहण्यासाठी तिने २०१० मध्ये ‘ई-शिप १’ हे जहाज सेवेत आणले. त्यावर २७ मीटर उंच आणि ४ मीटर व्यासाचे चार दंडगोल आहेत. पुढे फिनलंडच्या नॉर्सपॉवर कंपनीने हलक्या संमिश्र पदार्थांचे दंडगोल बनवून ते चालू जहाजांवर बसवायला सुरुवात केली. २०१८ मध्ये ‘मेर्स्क पेलिकन’ या सुमारे १,१०,००० टन क्षमतेच्या तेलवाहू जहाजावर ३० मीटर उंचीचे दोन दंडगोल चढले. २०२१ मध्ये ब्राझीलचे लोहखनिज वाहणाऱ्या ३,२५,००० टनी ‘सी झोउशान’वर आडवे पाडता येणारे पाच दंडगोल बसले.

ताठ शिडांचा दुसरा प्रवाह आहे. जपानच्या मित्सुई ओ.एस.के. लाइन्सच्या ‘शोफू मारू’ या कोळसावाहू जहाजावर २०२२ पासून नाळेजवळ एकच ताठ शीड आहे. दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकणाऱ्या भागांचे हे शीड पूर्ण उघडल्यावर ५३ मीटर उंच होते. मित्सुबिशीच्या मालकीच्या आणि कार्गिल कंपनीने भाड्याने घेतलेल्या ‘पिक्सिस ओशन’वर ३७.५ मीटर उंचीचे दोन पंख आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हे जहाज चीनहून ब्राझीलकडे निघाले. युरोपातून फ्रेंच गयानातील कुरू येथे एरियान ६ अग्निबाणाचे भाग नेणाऱ्या ‘कानोपे’वर प्रत्येकी ३६३ चौरस मीटरचे चार पंख आहेत.

बचतीचे आकडे

या क्षेत्रातील आकडे सावधपणे वाचावे लागतात. ‘मेर्स्क पेलिकन’ची एका वर्षाची बचत ८.२ टक्के ठरली आणि लॉइड्स रजिस्टर या तटस्थ संस्थेने ती तपासली. ‘पिक्सिस ओशन’ने पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचवल्याचे कार्गिलने जाहीर केले, उत्तम वाऱ्यात हा आकडा ११ टनांच्या वर गेला होता. ‘शोफू मारू’ची सरासरी बचत ५ ते ८ टक्के आणि एखाद्या दिवसाची कमाल १७ टक्के सांगितली जाते. एनरकॉनने आपल्या जहाजासाठी २५ टक्क्यांपर्यंतचा दावा केला होता. कमाल आणि सरासरी यांतील हे अंतर जाहिरातींत बहुधा पुसले जाते. यांतील बरेच आकडे त्या त्या कंपन्यांनीच दिलेले आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

तरीही ३ टन हा आकडा क्षुल्लक नाही. एक टन जड तेल जळले की सुमारे ३.१ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण तेलातील कार्बन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो. म्हणजे एका जहाजामागे दिवसाला नऊ टनांहून अधिक उत्सर्जन टळते.

तुलनेसाठी वेगाचा परिणाम पाहण्यासारखा आहे. जहाजाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी कमी केला तर शक्तीची गरज सुमारे २७ टक्क्यांनी घटते. प्रवास लांबल्यामुळे यंत्र जास्त वेळ चालते हे जमेस धरूनही त्या फेरीचे इंधन सुमारे १९ टक्के वाचते. एक पैसाही खर्च न करता होणारी ही बचत वरील बहुतेक शिडांच्या बचतीपेक्षा अधिक आहे. म्हणून काही टीकाकार शिडांना देखाव्याची वस्तू म्हणतात. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. जहाज जितके सावकाश चालेल तितका एकूण शक्तीतील वाऱ्याचा वाटा वाढतो. मंद वेग आणि शीड एकमेकांना पूरक ठरतात. मात्र जहाजे मंदावली की तेवढाच माल वाहायला अधिक जहाजे लागतात.

खर्च एकाचा, लाभ दुसऱ्याचा

तांत्रिक अडचणी पुष्कळ आहेत. कंटेनर जहाजांच्या माथ्यावर डब्यांच्या थप्प्या असल्याने उंच शिडांना जागा मिळत नाही. तेलवाहू आणि सुटा माल नेणारी जहाजे त्या मानाने सोयीची आहेत. बंदरातील याऱ्या आणि खाडीवरचे पूल आड येतात, त्यासाठी शिडे मिटावी किंवा आडवी करावी लागतात. सुकाणूकक्षातून पुढचे स्पष्ट दिसले पाहिजे, जहाज फार कलता कामा नये, माथ्याला अतिरिक्त बळकटी द्यावी लागते. यांतील बहुतेक प्रश्नांवर अभियंत्यांनी उत्तरे शोधली आहेत.

खरी अडचण करारनाम्यात आहे. पुष्कळशी मालवाहू जहाजे मुदतीच्या भाडेकराराने चालतात. अशा करारात जहाज आणि खलाशी मालकाचे असतात, इंधनाचा खर्च मात्र भाडेकरू कंपनी करते. शिडे बसवण्याचा खर्च मालकाला आणि इंधनातील बचत भाडेकरूला, अशी विभागणी होते. करार दोन-तीन वर्षांत संपला आणि पुढच्या भाडेकरूने शिडासाठी जादा भाडे दिले नाही, तर मालकाचा पैसा अडकतो. एनरकॉनचे जहाज किंवा कार्गिलने दीर्घकाळासाठी घेतलेले जहाज यांवर प्रयोग आधी झाले, त्याचे एक कारण हेच की तेथे खर्च आणि बचत यांचा मेळ घालणे शक्य होते.

नियमांचा रेटा

तेलाच्या भावाऐवजी नियमांनी वाऱ्याला आधार द्यावा, असा प्रयत्न गेल्या काही वर्षांत चालू आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५,००० टनेजहून मोठ्या जहाजांना त्यांच्या कार्बन तीव्रतेनुसार दरवर्षी ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी मिळते. एक वर्ष ‘ई’ किंवा सलग तीन वर्षे ‘डी’ श्रेणी आल्यास सुधारणेचा आराखडा सादर करावा लागतो. निव्वळ आराखडा देऊन भागत असल्याने या नियमाला फारसे दात नाहीत, असे म्हटले जाते. युरोपीय संघाने २०२४ पासून आपल्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांना कार्बन परवाने घेणे बंधनकारक केले. २०२५ पासून लागू झालेल्या त्याच्या सागरी इंधन नियमात पवनसाहाय्य वापरणाऱ्या जहाजांना ५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जुलै २०२३ मध्ये २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट स्वीकारले. त्यासाठी उत्सर्जनावर जागतिक आकार लावणारा आराखडा एप्रिल २०२५ मध्ये मंजुरीपर्यंत आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडन येथे त्याचा अंतिम स्वीकार व्हायचा होता, परंतु मतदान होऊन निर्णय एक वर्षासाठी पुढे ढकलण्यात आला. त्या वेळी जगात पवनसाहाय्य असलेली मोठी जहाजे अजून फार थोडी होती. जगातील व्यापारी जहाजांची संख्या एक लाखाच्या घरात आहे.

शिडावरच भिस्त

यंत्राला वाऱ्याची जोड देण्याऐवजी वाऱ्याला यंत्राची जोड देणारी जहाजे हा एक लहानसा स्वतंत्र वर्ग आहे. नेदरलँड्सचे ‘त्रेस ऑम्ब्रेस’ हे यंत्रच नसलेले जहाज २००९ पासून अटलांटिकपलीकडून रम, कोको, कॉफी असा माल आणते. ते फार तर ३५ टनांच्या आसपास माल नेऊ शकते. फ्रान्सचे ८१ मीटर लांबीचे ‘अनेमॉस’ २०२४ मध्ये ल आव्र येथून न्यूयॉर्कला गेले. त्यात सुमारे १,००० टन माल मावतो, तर आजच्या सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजाची क्षमता दोन लाख टनांच्या वर आहे. साहजिकच कॉफी, कोको, मद्य अशा थोडे जास्त भाडे सोसणाऱ्या मालावर ही जहाजे चालतात. सिमेंट किंवा कोळसा त्यांना परवडणार नाही.

याच वर्गातील सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे १३६ मीटर लांबीचे ‘निओलायनर ओरिजिन’. तुर्कस्तानात बांधलेल्या या फ्रेंच जहाजावर दोन डोलकाठ्या आणि सुमारे ३,००० चौरस मीटर शिडे आहेत. ताशी ११ सागरी मैल, म्हणजे सुमारे २० किलोमीटर, या बेताच्या वेगाने जाऊन नेहमीच्या जहाजाच्या तुलनेत ८० टक्के इंधन वाचवण्याचे तिच्या मालक कंपनीचे उद्दिष्ट आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते सँ-नाझेरहून अमेरिकेच्या बाल्टिमोर बंदराकडे पहिल्या फेरीस निघाले.